हंगामाची कमाई, महिन्याचा खर्च

महाराष्ट्राच्या खेड्यातला माणूस महिन्याला सरासरी ४,१४५ रुपये खर्च करतो, असे केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्चाच्या पाहणीत निघाले. आदल्या वर्षी हा आकडा ४,०१० होता. वाढ १३५ रुपयांची, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्याही आत. त्या काळात देशातली ग्रामीण महागाई पाच टक्क्यांच्या वर होती. तेव्हा वाढ झाली ती कागदावर. प्रत्यक्षात खेड्यातला खर्च आकसला. याच एका वर्षात देशभरच्या खेड्यांचा आकडा ३,७७३ वरून ४,१२२ वर गेला आणि महाराष्ट्रातल्या शहरांचा ६,६५७ वरून ७,३६३ वर. देशातले सर्वांत श्रीमंत राज्य म्हणून मिरवणाऱ्या महाराष्ट्राची खेडी देशाच्या सरासरीला कशीबशी चिकटून आहेत.

नांदेड जिल्ह्यातल्या माणसाला हे समजायला पाहणीची गरज नव्हती. देगलूर, धर्माबाद, बिलोलीकडून सीमा ओलांडली की तेलंगण लागते. तिथल्या खेड्यातला दरडोई खर्च याच पाहणीत ५,४३५ निघाला आणि पलीकडच्या कर्नाटकातला ४,९०३. सीमेवरच्या काही गावांनी मध्यंतरी आम्हाला तेलंगणात घाला अशी मागणी केली, तेव्हा मुंबईत तिची थट्टा झाली. शेजारच्या शिवारात एकरी दहा हजारांची मदत दरवर्षी जमा होताना ज्याने पाहिली, त्याला ती थट्टा वाटली नसणार.

याच जिल्ह्यातल्या कंधार तालुक्याचा असा वेगळा आकडा मिळत नाही, कारण पाहणीचा नमुना तालुक्यापर्यंत पोचत नाही. तरी राज्याची सरासरी धरली तर पाच माणसांच्या घराला महिन्याला वीस हजार सातशे रुपये लागतात. पेठवडजच्या किंवा कुरुळ्याच्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरात हा आकडा सांगून बघा. घरची बाई पहिला प्रश्न विचारेल, ‘कोणत्या महिन्याला?’ प्रश्न अगदी बरोबर आहे. जूनमध्ये बी-खतावर एका आठवड्यात वीस हजार जातात आणि भाद्रपदात हातात पाचशेची नोट टिकत नाही. दिवाळीच्या मागेपुढे सोयाबीन मोंढ्यावर गेले की चार दिवस घरात पैसा दिसतो. या लेखात मांडायची गोष्ट एवढीच आहे: कंधारच्या मन्याड खोऱ्यातली कमाई अजून हंगामाचीच आहे, खर्च मात्र गेल्या दहा-पंधरा वर्षांत महिन्यावर येऊन बसला. इथल्या बहुतेक घरांची ओढाताण या दोन वेळापत्रकांच्या मधल्या फटीतून निघते.

संख्याशास्त्रज्ञ यावर हरकत घेईल. पाहणी वर्षभर चालते, वेगवेगळ्या घरांत वेगवेगळ्या महिन्यांत जाते, तेव्हा हंगामाचा चढउतार सरासरीत मिटतो. त्याचे म्हणणे खरे आहे. सरासरी चुकत नाही. पण सरासरीत मिटलेला चढउतार घरात मिटत नाही, तो व्याजाने भरावा लागतो.

आधी कमाई पाहू. या पट्ट्यात एकेकाळी ज्वारी, कापूस, तूर, मूग, उडीद असे मिश्र पीक असे. ज्वारी घरी खायला, कडबा जनावरांना, मूग पोळ्याच्या सुमाराला हातखर्चाला आणि कापूस वेचणीप्रमाणे टप्प्याटप्प्याने विकायला. पैसा थोडा होता, पण तो वर्षात तीन-चार वेळा येई. गेल्या दोन-अडीच दशकांत त्या जागी सोयाबीन आले. शंभर-एकशेदहा दिवसांत पीक निघते, मजुरी कमी लागते आणि लातूरची मोठी बाजारपेठ व तेलगिरण्या जवळ आहेत. शेतकऱ्याने पीक बदलले ते विचार करूनच. मात्र वर्षाची सगळी रोकड एकाच पिकावर, एकाच पंधरवड्यावर आणि एकाच भावावर येऊन ठेपली.

त्या भावाचे काय झाले? २०२१ च्या ऑगस्टात लातूरला सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेले होते. तेव्हा शेतकऱ्याच्या घरात सोयाबीन नव्हते, ते शिवारात उभे होते; रास होऊन माल मोंढ्यावर आला तोवर भाव पार उतरला होता. तरीही तो दहा हजाराचा आकडा लोकांच्या डोक्यात बसला आणि त्याच्या भरवशावर काहींनी घरे काढली, काहींनी लग्ने ठरवली. पुढे हमीभाव दरवर्षी वाढत गेला: २०२२-२३ ला ४,३००, मग ४,६००, मग ४,८९२ आणि २०२५-२६ ला ५,३२८. बाजारभाव मात्र उलट्या दिशेने चालला. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ असताना मोंढ्यावर चार ते सव्वाचार हजारांनी सौदे झाले. सरकारी खरेदी केंद्रावर बारा टक्के ओलाव्याची अट होती; ती पंधरापर्यंत सैल झाली तोवर नोव्हेंबर अर्धा सरला होता आणि गरजवंतांचे माल आडत्याकडे उतरले होते. पाच एकरांत एकरी सहा क्विंटल धरले तर तीस क्विंटल होतात. ४,२०० च्या भावाने त्याचे सव्वा लाखावर हजार रुपये आले. यातून बी, खत, फवारणी, काढणी आणि मळणी वजा जायची आहे. उरेल त्यात पाच माणसांचे वर्ष काढायचे. पाहणीची सरासरी मात्र त्या घरावर वर्षाला अडीच लाखांच्या आसपास खर्च मांडते. बाकीचे पैसे कुठून येतात, हा या लेखातला खरा प्रश्न.

भाव का पडले हे सांगायला शिकागोच्या बाजारापर्यंत जावे लागते. सोयाबीनच्या दाण्यात तेल साधारण अठरा टक्के. उरते ती पेंड. म्हणून दाण्याचा भाव तेलाइतकाच पेंडेवर ठरतो. ब्राझील आणि अमेरिकेत भरघोस पिके आली, जगात पेंड स्वस्त झाली. देशात मक्या-तांदळापासून इथेनॉल काढायला लागल्यावर उरणारा चोथाही पशुखाद्यात पेंडेच्या जागी जाऊ लागला. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचे आयात शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेले, शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून. तेल लगेच महागले. दाण्याचा भाव जागचा हलला नाही, कारण पेंड ओढून धरत होती. मग मे २०२५ च्या अखेरीस शुल्क साडेसोळा टक्क्यांवर खाली आले. आपणच पिकवलेल्या सोयाबीनच्या तेलाची पिशवी दुकानातून चढ्या भावाने आणणारा शेतकरी या धोरणाच्या दोन्ही टोकांना मार खातो.

इथे पश्चिम महाराष्ट्राची आठवण येते. कोल्हापूर-सांगलीकडे दर दहा दिवसांनी दुधाचे बिल हाती पडते. घरखर्च त्यावर चालतो आणि उसाचे बिल मोठ्या कामाला राहते. कंधारचे नाव जगात गेले ते लाल कंधारी गोवंशामुळे. देखणे, काटक जनावर. पण ते औताचे आहे, दुधाचे नाही. माळेगावच्या यात्रेत लाल कंधारीच्या जोडीला लाखाच्या पुढे बोली लागते, पण तिच्यापासून दर दहा दिवसांनी बिल हाती पडत नाही. ट्रॅक्टरने औत संपवले, तसा बैल हा अडीनडीला विकायचा ठेवाही गेला. मराठवाड्यात दूधधंदा उभा करायच्या योजना अनेकदा आल्या. त्यांत चाऱ्या-पाण्याचा हिशेब क्वचितच होता.

मजुरांचे वेळापत्रक तर याहून उफराटे. तालुक्यातल्या तांड्यांवरून आणि वाड्यांतून ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून उचल घेतात. म्हणजे कमाई आधी, काम नंतर. उचल दसऱ्याच्या आत संपलेली असते, मग फडात सहा महिने फेडणी. सालगड्याचे साल गुढीपाडव्याला ठरते आणि त्यातलाही मोठा भाग आगाऊ उचललेला असतो. हैदराबाद-पुण्याला बांधकामावर गेलेल्या पोराचे दोन-चार हजार फोनवरून येतात, तेवढीच काय ती महिन्याची आवक.

आता स्वयंपाकघर. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये मांडून ठेवले की घर जसे सुधारते तसा खर्चातला अन्नाचा वाटा घटतो. ग्रामीण भारतात हा वाटा १९९९-२००० मध्ये ५९ टक्के होता, २०११-१२ मध्ये ५३ आणि २०२३-२४ मध्ये ४७. अमेरिकन कुटुंबाच्या खर्चात तो २०२३ मध्ये तेरा टक्क्यांच्या जवळ होता. एंगेलच्या मापाने आपली खेडी सुधारत आहेत, आणि ते खोटे नाही. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या पिढीला विचारा. सुकडी आणि मिलोवर दिवस काढलेल्या घरांत आज भाजीला तेल आहे, पोरांना बिस्किटे आहेत, आठवड्याला अंडी-मटण आहे. तृणधान्याचा वाटा तर अकरा-बारा वर्षांत पावणेअकरा टक्क्यांवरून पाचाच्या आत आला.

त्यामागे रेशन आहे. जानेवारी २०२३ पासून अंत्योदय आणि प्राधान्य कार्डांवर गहू-तांदूळ फुकट आहे. मराठवाड्यासह चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना पूर्वी दोन-तीन रुपये किलोने धान्य मिळे; २०२३ पासून त्याऐवजी माणशी महिना दीडशे रुपये खात्यात देण्याचे ठरले, पुढे ते १७० झाले. पाच किलो धान्य १७० रुपयांत बाजारात कसे बसवायचे हे सरकारने लाभार्थ्यावर सोडले आहे. शिवाय या भागाचे अन्न भाकरी. ज्वारीचा पेरा सोयाबीनने आणि हरभऱ्याने खाल्ला, तशी ज्वारी विकत घ्यायची वस्तू झाली. गरिबाचे धान्य म्हणून ओळखली जाणारी ज्वारी अलीकडे अनेकदा गव्हाहून महाग असते. पोळी फुकट आणि भाकरी महाग असा उलटा संसार आज मराठवाड्यात चालला आहे, आणि घराघरांत संध्याकाळची भाकरी हळूहळू भाताने हटवली आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये देशातली किरकोळ महागाई ०.२५ टक्क्यांवर आली. २०१२ पायाभूत धरणारी मालिका सुरू झाल्यापासूनचा हा नीचांक. खाद्यपदार्थांचे भाव तर वर्षभरापूर्वीच्या तुलनेत पाच टक्क्यांनी उतरले होते. अर्थविषयक पानांवर त्याचे स्वागत झाले. त्याच महिन्यात नांदेड-लातूरच्या शिवारांत ऑगस्ट-सप्टेंबरच्या पुराचा गाळ होता, भिजलेले सोयाबीन काळे पडले होते आणि राज्य सरकारला ३१,६२८ कोटींचे मदतीचे पॅकेज जाहीर करावे लागले होते. ‘अन्न स्वस्त झाले’ या बातमीचा इकडचा अर्थ ‘माल पडत्या भावाने गेला’ असा होतो. महागाई मोजायचा निर्देशांक खाणाऱ्याच्या बाजूने बसून मोजतो. पिकवणारा आणि खाणारा एकच असलेल्या घरात त्याचे उत्तर अर्धेच बरोबर येते.

अन्नाच्या बाहेरचा खर्च हा मात्र निखळ रोकडीचा, आणि तारखेचा. त्यातला सर्वांत शिस्तीचा खर्च मोबाइलचा. जुलै २०२४ मध्ये कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा जिओचे दिवसाला दीड जीबीचे २३९ चे रिचार्ज २९९ झाले. मुदत अठ्ठावीस दिवसांची, म्हणजे वर्षाचे महिने बारा असले तरी रिचार्ज तेरा वेळा. घरात दोन फोन असले तर वर्षाला पावणेआठ हजार, म्हणजे पावणेदोन क्विंटलांहून जास्त सोयाबीन. हा खर्च चैनीचा म्हणून कोणी नाक मुरडू नये. पीकविम्याची तक्रार, ई-पीक पाहणी, बँकेचा ओटीपी, पोराची ऑनलाइन शिकवणी, सगळे आता त्या फोनवरच होते. रिचार्ज संपलेला शेतकरी सरकारदरबारी अदृश्य असतो.

गॅसचे तसे नाही. सिलिंडर २०२३ च्या उन्हाळ्यात अकराशेच्या वर होते. नंतर दोन टप्प्यांत तीनशेने उतरले आणि एप्रिल २०२५ मध्ये पन्नासाने चढले. उज्ज्वलाच्या जोडण्या घरोघर पोचल्या, पण देशभरात असे कुटुंब वर्षाला साधारण चारच सिलिंडर घेते. कारण उघड आहे. आठ-नऊशे रुपये एकदम द्यावे लागतात, आणि दारात तुराट्या-पऱ्हाट्यांचा ढीग फुकट पडलेला असतो. चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर ही इथल्या बायकांनी काढलेली तोड आहे.

पेट्रोलला तोड निघाली नाही. मनमाडच्या डेपोपासूनच्या अंतराने परभणी आणि नांदेड ही नावे महाग पेट्रोलच्या बातमीत कायमची बसली आहेत. एसटीची मार्च २०२३ पासूनची महिलांची अर्धी तिकिटे हा मात्र मोठा दिलासा ठरला. जानेवारी २०२५ मध्ये भाडे पंधरा टक्क्यांनी वाढले तरी बाईचे नांदेडला जाणे-येणे पुरुषाच्या निम्म्यातच पडते. दवाखान्याला, बँकेला, मोंढ्याच्या दुकानाला आता बाया जास्त जाताना दिसतात. योजना आखणाऱ्यांनी याचा किती विचार केला होता ठाऊक नाही, पण बाईच्या हातात घराचा व्यवहार थोडा सरकला तो असा.

आणि घर. अमेरिकेशी तुलना खरोखर बोलकी होते ती इथे. तिथल्या कामगार सांख्यिकी विभागाच्या पाहणीप्रमाणे २०२३ मध्ये एका अमेरिकन कुटुंबाने वर्षाला सरासरी ७७,२८० डॉलर खर्च केले. त्यातले तेहतीस टक्के निवाऱ्यावर आणि सतरा टक्के वाहतुकीवर. निम्मा संसार घर आणि गाडी खाते. घर तीस वर्षांच्या कर्जावर घेतात. ज्यांनी २०२१ मध्ये तीन टक्क्यांच्या आत कर्ज उचलले, ते २०२३ च्या ऑक्टोबरात व्याज पावणेआठवर गेल्यावर जागचे हलेनात. विकून दुसरे घ्यावे तर हप्ता दीडपटीच्या वर. त्यामुळे विकाऊ घरे कमी, भाव चढे, तरुण पिढी भाड्यात अडकलेली. तिथले घराचे दुखणे हप्त्याचे आहे, आणि हप्ता महिन्याला येणाऱ्या पगारातून जातो. महागाईच्या निर्देशांकातही निवारा जवळजवळ एकतृतीयांश असतो. स्वतःच्या घरात राहणाऱ्यालाही, हे घर भाड्याने दिले असते तर किती आले असते, असे विचारून खर्च धरतात.

आपल्याकडे २०१२ पायाभूत मालिकेच्या ग्रामीण निर्देशांकात घर हा गटच नव्हता. युक्तिवाद असा की खेड्यात कोणी भाड्याने राहत नाही. ते खरे, पण भाडे नाही म्हणून खर्च नाही, असे थोडेच? या भागातले जुने घर माळवदाचे: दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया आणि वर पांढऱ्या मातीचा थर. दगड शिवारातला, माती गावची, लाकूड बांधावरचे, हात भाऊबंदांचे. रोकड लागे ती सुताराला आणि लोहाराला, तीही पुष्कळदा धान्याच्या रूपाने. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादेत सुमारे आठ हजार माणसे गेली, बहुतेक याच माळवदांखाली झोपेत. त्यानंतर मराठवाड्याने दगडमातीवरचा विश्वास टाकला. कित्येक घरांनी आधी पत्रे घातले, मग पिढीभर स्लॅबचे स्वप्न पाहिले. माळवद उन्हाळ्यात गार असते आणि स्लॅबखाली एप्रिलमध्ये पंख्याशिवाय बसवत नाही, हे सगळ्यांना कळते. तरी माळवद परत आले नाही. भीतीपुढे गारव्याचे चालत नाही.

त्या बदलाने घर ही संपूर्ण विकत घ्यायची वस्तू झाली. सळई जालन्याची, वाळू गोदावरीची, सिमेंट कंपनीचे, गिट्टी क्रशरची, वर गुत्तेदार आणि सेंट्रिंगवाला. कर्ज काढून घर बांधायला पगाराची पावती लागते, ती शेतकऱ्याकडे नसते. म्हणून घर हप्त्या-हप्त्याने होते, पण तो हप्ता बँकेचा नसून हंगामाचा असतो. एका सोयाबीनला जोते, पुढच्याला भिंती, लेंटलपर्यंत आले की मुलीचे लग्न निघते आणि काम दोन वर्षे थांबते. कंधारहून मुखेडकडे किंवा लोह्याकडे जाताना रस्त्याकडेला गंजलेल्या सळया आभाळाकडे करून उभी असलेली अर्धी घरे दिसतात, ती त्या घरच्या मंडळींची बचत आहे. हातात पैसा ठेवला तर पाहुणा, दवाखाना किंवा उधारीवाला नेतो. सळई कोणी उसनी मागत नाही.

घरकुलाचे गणित वेगळे सांगायला हवे. प्रधानमंत्री आवास योजनेत २०१६ साली सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपये ठरले. तो आकडा केंद्राने अजून हलवलेला नाही. राज्याने २०२५ मध्ये पन्नास हजार जास्तीचे जाहीर केले, त्यातले पंधरा हजार छतावरच्या सौर यंत्रणेचे. रोजगार हमीची नव्वद दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे बारा हजार धरले तर सगळे मिळून दोन लाखांच्या घरात जाते. २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २७० चौरस फुटांचे घर आज साध्यात साध्या दराने तीन लाखांच्या आत पुरे होणे कठीण. वरचा लाख कुठून आणायचा? घरकुलाला पाच ब्रास वाळू मोफत अशी तरतूद २०२५ च्या वाळू धोरणात आहे. पण वाळू मोफत मिळाली तरी ती नदीवरून दारापर्यंत आणायची असते. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, सिमेंटवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरावर आला, साबण-टूथपेस्ट पाचावर आले, लहान दुचाकी स्वस्त झाल्या. निर्णय चांगला होता. त्या आठवड्यात मराठवाड्याची शेते पाण्याखाली होती, त्यामुळे स्वस्त झालेले सिमेंट घ्यायला इथे फारसे कोणी दुकानात आले नसेल.

गावात कोणी भाडे देत नाही, हे वाक्य पुरे खरे नाही. कंधारचा शेतकरी भाडे देतो, पण लातुरात. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी घडवलेल्या लातूर पॅटर्नभोवती आता शिकवण्या, वसतिगृहे, मेस आणि अभ्यासिका यांची एक वसाहतच उभी राहिली आहे. नांदेडही त्याच वाटेने चालले आहे. दहावीत नव्वद टक्के पडलेल्या पोराला अकरावी-बारावी आणि नीटसाठी तिथे ठेवायचे म्हणजे क्लासची फी, खोली आणि डबा, दोन वर्षे दर महिन्याला. पोरगे एकदा नापास झाले की ‘रिपीट’चे तिसरे वर्ष. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते शहर त्या दुष्काळातही चालू राहिले त्यात खेड्यांतून येणाऱ्या या पैशाचा वाटा मोठा आहे. शेतकऱ्याच्या आयुष्यातला हा पहिला मोठा महिनेवारी खर्च, आणि तो भागवायला अनेकांनी जमिनीचा तुकडा काढला. देशाच्या आकडेवारीत ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात शिक्षणाचा वाटा तीन टक्क्यांच्या थोडा वर, आणि पान-तंबाखू-दारूचा त्याहून किंचित जास्त, असे निघाले तेव्हा खेड्यातल्या माणसाला बरेच उपदेश झाले. व्यसनाचा खर्च आहेच, त्याची बाजू कोणी घेऊ नये. पण शिक्षणाचा खर्च दर घरी दर वर्षी नसतो. तो काही घरांवर दोन-तीन वर्षे कोसळतो आणि जमीन घेऊन जातो. सरासरीला हे दिसत नाही.

दवाखाना आणि लग्न यांबद्दल थोडक्यात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण आता सर्वांना पाच लाखांपर्यंत आहे. मोठ्या शस्त्रक्रियेत ते उपयोगी पडते. रोजच्या ताप-मलेरियाचा, रक्तदाबाच्या गोळीचा, नांदेडच्या खासगी तपासण्यांचा आणि जाण्यायेण्याचा खर्च त्यात येत नाही, आणि घर त्यानेच पोखरले जाते. लग्नाचा खर्च कमी करा म्हणून सांगणारे या भागात खूप झाले. सोने एप्रिल २०२५ मध्ये तोळ्याला लाखावर गेले आणि त्याच वर्षी आणखी चढले, त्याने मात्र काही प्रमाणात ते काम केले: मुलीच्या अंगावरचे दागिने हलके झाले. हुंडा हलका झाला, असे कोणी म्हणत नाही.

मग कमाई आणि खर्च यांच्यामधली फट भरते कशाने? पूर्वी सावकार आणि किराणा दुकानदाराची वही ती भरे. ‘सुगीला देतो’ हा शब्द दोघांनाही चाले. व्याज जबर होते, पण वेळापत्रक शेताचे होते. बँकेचे पीककर्जही वर्षाने फेडायचे, वेळेवर फेडले तर तीन लाखांपर्यंत व्याज शून्य; शेतकऱ्याच्या ऋतूला जुळणारे अधिकृत कर्ज हे एवढेच, आणि तेच थकबाकीमुळे अनेकांना बंद झाले आहे. त्या जागी सूक्ष्म कर्ज देणारे फायनान्सवाले आले. गटातल्या बाईला तीस-चाळीस हजार, वसुली दर आठवड्याला किंवा महिन्याला, हप्ता चुकला तर साऱ्या गटाची बैठक दारात. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या नियमांत वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी मर्यादा घातली: सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत. नियम हेतूने चांगला आहे. पण कोरडवाहू घराचे ‘महिन्याचे उत्पन्न’ म्हणजे वर्षाच्या कमाईला बाराने भागून काढलेली कागदी रक्कम. श्रावणात त्या घराचे उत्पन्न शून्य असते आणि हप्ता पुरा. मग एका कंपनीचा हप्ता दुसऱ्या कंपनीच्या कर्जातून जातो.

लाडकी बहीण योजनेवर बरीच टीका झाली: तिजोरीवर बोजा, निवडणुकीची रेवडी. बोजा आहे हे नाकारता येत नाही, आणि जुलै २०२४ मध्ये ती ज्या घाईने आली त्यामागे त्याच वर्षाच्या निवडणुकीचा हिशेब होता यातही शंका नाही. पण कंधारसारख्या तालुक्यात ती का रुजली हे टीकाकारांनी पाहिले नाही. दीड हजार रुपये, बाईच्या खात्यात, महिन्याला. वर्षाचे अठरा हजार होतात, म्हणजे चार क्विंटलांहून जास्त सोयाबीन. पीएम-किसान आणि नमो शेतकरी मिळून वर्षाला बारा हजार येतात, पण चार-चार महिन्यांनी. ते खतातच जातात. श्रावणबाळ-संजय गांधी योजनेचे म्हाताऱ्यांचे दीड हजार आणि बाहेर कामाला गेलेल्या पोराचे पैसे सोडले तर हे या घरांचे पहिले महिनेवारी उत्पन्न आहे. त्यातून रिचार्ज होते, किराण्याची उधारी थोडी उतरते, गटाचा हप्ता जातो. हप्ता लांबला की गावातल्या दुकानदाराला आधी कळते. माझे मत असे की रकमेपेक्षा तिचे महिन्याला येणे या घरांना जास्त उपयोगी पडले, आणि म्हणून ती अनियमित करणे हे ती कमी करण्याहून वाईट.

या सगळ्या आढाव्यातून तीन मागण्या निघतात आणि त्यांतली एकही अवाढव्य नाही. सोयाबीनची सरकारी खरेदी दसऱ्याला सुरू व्हावी, ओलाव्याची सवलत आधीच जाहीर व्हावी आणि पैसे आठवड्यात मिळावेत. नोव्हेंबरात उघडणारे केंद्र व्यापाऱ्याच्या कामाचे असते. सूक्ष्म कर्जाचे हप्ते कोरडवाहू तालुक्यांत सुगीनंतर वसूल करणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक करावे. आणि घरकुलाची केंद्राची रक्कम बांधकाम साहित्याच्या भावाशी बांधून टाकावी. हे होईपर्यंत वाचकांना एक विनंती आहे: महागाई घटली अशी बातमी पुढच्या वेळी वाचाल, तेव्हा त्याच दिवशीचा लातूरच्या बाजारातला सोयाबीनचा भावही पाहा, आणि तो हमीभावाच्या वर आहे की खाली, ते मोजा.